दीडशे किलो आणि सात फुटांचं दार

टेपचं एक टोक अण्णांनी धरलं होतं आणि आकडे मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहीत होतो. पिकअपमधून आणलेलं मोटारीचं इंजिन चाकांच्या क्रेनने उचलून गॅरेजमध्ये उतरवायचं होतं, वर उघडलेल्या दाराखाली. पिकअपच्या हौद्याचा तळ जमिनीपासून ७२ सेंटिमीटर. त्यावर आडवा टाकलेला जुना टायर २०. इंजिनाचं बूड त्या टायरच्या भोकात बसलेलं, म्हणजे तेवढं वर उचलल्याशिवाय ते सुटणार नाही. इंजिन बुडापासून माथ्यापर्यंत ६५. त्यावर साखळ्या आणि लेव्हलर, म्हणजे लटकलेलं इंजिन तिरपं-सरळ करायची पट्टी, मिळून ४५. बेरीज २०२. दार सात फुटांचं, म्हणजे २१३.

"अकरा सेंटिमीटर शिल्लक," मी खुशीत म्हणालो.

अण्णांनी क्रेनच्या बूमकडे, म्हणजे आकडा लटकतो त्या दांड्याकडे, हनुवटीनेच दाखवलं. "आणि आकड्याच्या वरचं लोखंड कुठं ठेवणार, जावईबापू?"

मोजलं. आकड्यापासून बूमच्या वरच्या कडेपर्यंत १४. आता तीन सेंटिमीटर कमी पडत होते. अमेरिकेतल्या घरांची गॅरेजची दारं वर जाऊन छताखाली आडवी होतात, त्यामुळे आत सरकूनही उपयोग नव्हता. दार तिथेही डोक्यावर होतंच. आणि बाहेर काम करावं तर आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता. वजन लटकवलेली चाकांची क्रेन उतारावर उभी करायची नाही, हे कळायला मला कुणी सांगावं लागलं नाही. ती स्वतःच्या पायाने निघाली असती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. लालबागचे. गिरणीत फिटर होते, १९८२ च्या संपानंतर कामाला कायमचे मुकले आणि मग यंत्रं हलवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. बंद गिरण्यांचे माग उचलून भिवंडीला पोचवायचे, हे त्यांनी कितीतरी वर्षं केलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे मिशिगनला आले होते आणि चौथ्या महिन्यापर्यंत पार कंटाळले होते. इंजिन आणायचं ठरलं तेव्हा पन्नाशीचा माणूस दिसावा इतके ताजेतवाने झाले.

आता इंजिनाबद्दल. माझ्याकडे १९९० ची माझदा मियाटा आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. अमेरिकेबाहेर तिला एमएक्स-५ म्हणतात. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. सुरुवातीच्या, म्हणजे १९९० च्या आणि ९१ च्या पहिल्या काही गाड्यांमध्ये क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं नाक आखूड आहे. त्या नाकावर टायमिंगचं चाक आणि पुली बसते, मध्ये खाचेत एक छोटी चावी, म्हणजे चाक दांड्यावर घसरू नये म्हणून घातलेला लोखंडी तुकडा, आणि बाहेरून बोल्ट. बोल्ट कधी थोडा सैल राहिला की चावीची खाच झिजते, पुली डुगडुगायला लागते आणि मग कितीही आवळा, उपयोग नाही. माझी पुली डुगडुगत होती. जुन्या १.६ लिटरच्या इंजिनावर क्रँक बदलायचा खर्च करण्यापेक्षा पुढच्या वर्षांतलं १.८ लिटरचं बसवावं, हा या गाडीवाल्यांचा जुना मार्ग. ११६ अश्वशक्तीच्या जागी १३३ मिळतात हा बोनस. खरं सांगायचं तर बायकोला मी फक्त चावीचं कारण सांगितलं होतं.

शेजारच्या ओहायोतल्या टोलेडोच्या एका भंगारवाल्याकडे १९९६ च्या, उलटलेल्या गाडीतलं इंजिन मिळालं. आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता, इंटरस्टेट ७५ वरून सरळ. शेजारचे आजोबा फोर्डमधून निवृत्त झालेले. त्यांनी आपला जुना रेंजर पिकअप दिला आणि स्वतःही बरोबर आले. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा, त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, वर मॅनिफोल्ड, अल्टरनेटर वगैरे धरून दीडशे किलोच्या आसपास. तीन गोण्या सिमेंट. फरक इतकाच की सिमेंटची गोणी पडली तर फाटते, हे पडलं तर पाऊल फुटतं आणि वर हजार डॉलरही जातात.

भंगारवाल्याच्या पोऱ्याने फोर्कलिफ्टला साखळी अडकवली आणि ती थेट इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांभोवती गुंडाळली. मी ओरडलो. मॅनिफोल्ड हवा आत न्यायला असतो, इंजिनाचा भार पेलायला नव्हे. हेडला उचलायचे दोन लोखंडी कान कारखान्यातूनच असतात, एक पुढे, एक मागे, तिरपे समोरासमोर. पुढचा होता. मागचा काढताना त्यांनी वायरिंगबरोबर तोडून टाकला होता. शेवटी मी बरोबर नेलेले दोन गोल पट्टे ब्लॉकखालून घालून ते हौद्यात ठेवलं. त्याआधी प्लग काढून क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावला आणि हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले. कुठे अडलं नाही.

टायरमध्ये बसवल्यावर चार दिशांना चार रॅचेट पट्टे. पट्टा ब्लॉकच्या ब्रॅकेटला आणि कानाला, कॅम कव्हरवरून, म्हणजे माथ्यावरच्या झाकणावरून, कधीच नाही. पंधरा मिनिटांनी पहिल्याच एक्झिटला थांबून बघितलं तर चारही सैल. पट्टा सुटला नव्हता, टायर दबला होता. पुन्हा आवळले. घरी पोचेपर्यंत ब्लॉकमध्ये राहिलेल्या कूलंटची हिरवी धार हौदाभर झाली होती. आजोबा म्हणाले, गंज तरी धरणार नाही.

तर आम्ही त्या तीन सेंटिमीटरवर अडलो होतो. मला सोपं उत्तर दिसत होतं: साखळीच्या दोन-दोन कड्या कमी करू, सगळं खाली येईल. अण्णांनी मान हलवली. बोलले नाहीत, खडू घेतला आणि भिंतीवर एक त्रिकोण काढला. खालच्या दोन टोकांना इंजिनाचे कान, वर आकडा. मग त्याच तळावर एक बुटका त्रिकोण काढला.

"दोन कानांत जेवढं अंतर, तेवढा तरी एकेक पाय लांब पाहिजे. त्याच्याहून आखूड केलात की साखळी वर नाय ओढत, आडवी ओढते."

मी इंजिनिअर, त्यामुळे लगेच फोनवर हिशेब केला. दोन पायांची साखळी आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर दीडशे किलोतला साधारण ८७ किलो ताण प्रत्येक पायावर येतो. ४५ अंशांत १०६. ३० अंशांत पूर्ण दीडशे, दोन्ही पायांवर. शिवाय ती ओढ आडवी, म्हणजे हेडमध्ये बसवलेला बोल्ट वाकवायला बघणारी. अण्णांचा समभुज त्रिकोण म्हणजे बरोबर ६० अंश. त्यांना अंश माहीत नव्हते, तळाएवढा पाय एवढंच माहीत होतं, आणि माझ्या आकडेमोडीत त्यांना काडीचा रस नव्हता.

मागचा कान नव्हता म्हणून तिथे साखळीची कडी थेट हेडवर बोल्टने धरायची होती. यात मात्र माझं चाललं. अण्णांनी डब्यातून एक जाडजूड बोल्ट उचलला होता, तो इंची आट्यांचा निघाला. इथे मेट्रिकच हवा. माथ्यावर १०.९ हा मजबुतीचा आकडा कोरलेला एम-१०, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणला, जाड वॉशर घातला. अ‍ॅल्युमिनियममध्ये निदान दीड व्यासाएवढे, म्हणजे पंधरा मिलिमीटर आटे पकडले पाहिजेत. भोकात काडी घालून खोली मोजली आणि मगच लांबी ठरवली. बोल्टाचा माथा आणि हेड यांच्यात कडी घट्ट दाबलेली हवी, फट राहिली तर बोल्ट वाकतो. दुकानातली साधी साखळीही मी नाकारली. तिच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं की भार उचलायला वापरू नका. लेव्हलरबरोबर आलेली ग्रेड ८० ची साखळी वापरली.

आणखी एक गोष्ट मी जिंकली. अण्णा साखळीबद्दल इतके काटेकोर, आणि पायात रबरी स्लिपर! "सगळी हयात अशीच गेली," म्हणाले. माझे स्टीलच्या टोकाचे बूट त्यांना दोन नंबर मोठे. दोन जोड मोजे घालून चढवले. दिवसभर चालताना फटक-फटक आवाज येत होता.

तीन सेंटिमीटरचा तिढा शेवटी त्यांनीच सोडवला. पिकअपच्या मागच्या चाकांकडे बघत म्हणाले, "यांची हवा काढा की." मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला, आणि स्वतःच वाकून व्हॉल्व्ह दाबायला बसले. हौदा आठेक सेंटिमीटर खाली आला. अण्णांनी त्यातले दोन परत वजा केले: इंजिन उचललं की हौदा हलका होऊन बोटभर वर येणार. तरी पुरेसं होतं.

फाळका काढून ठेवला. क्रेनचे पाय पिकअपच्या मागून खाली सरकवले. बूम लांब करावा लागला. या घडीच्या क्रेनवर 'दोन टन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण ते बूम सगळ्यात आखूड असतानाचं. बूमवर चार भोकं असतात आणि शेवटच्या भोकाला ती क्रेन अर्ध्याच टनाची उरते. आम्हाला तेवढंही तिप्पट होतं. पण आकडा क्रेनच्या पायांच्या पुढे जात नाही ना, हे अण्णांनी ओळंबा लावून बघितलं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला नट.

"हाबेस," अण्णा म्हणाले. गोदीतल्या खलाशांचा शब्द, उचला म्हणजे हाबेस, सोडा म्हणजे आरिया. मी जॅकचा दांडा मारत गेलो. साखळी ताठ झाली की थांबलो. अण्णांनी एकेक कडी बोटाने वाजवून बघितली, आकड्याची जीभ मिटली आहे का पाहिलं. हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बाहेर आलेला असतो. साखळी त्याला घासत होती. खाली घेतलं, कडी फिरवली, पुन्हा ताण दिला. मग दोन इंच उचललं आणि पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिलो. कुठे काही सरकलं नाही. मग टायरच्या वर.

इथून पुढचं मला आधी सुचलंच नव्हतं. मी मनात क्रेन मागे ओढायची तयारी करत होतो. अण्णा म्हणाले, क्रेन जागची हलवायची नाय, गाडी काढा. आजोबांनी बसक्या चाकांवरच रेंजर मुंगीच्या पावलांनी पुढे घेतला. इंजिन होतं तिथेच हवेत, खालून हौदा निघून गेला.

आणि मग मी माती खाल्ली.

काम झालंच आहे असं वाटून मी क्रेनला मागच्या भिंतीकडे ढकललं, तिथे इंजिन स्टँड होता. इंजिन तेव्हा छातीच्या उंचीला होतं. चार पावलं गेलो असेन. क्रेनचं पुढचं चाक कशावर तरी अडलं, पिकअपच्या टायरमधून पडलेला बोराएवढा खडा. क्रेन जागच्या जागी थांबली. इंजिन थांबलं नाही. ते पुढे गेलं, मग मागे आलं, आणि क्रेनच्या खांबाकडे येताना ते धरायला माझा हात आपोआप मध्ये गेला.

"अरे हात काढ तुझा!"

लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यांनी मला कधी 'तुम्ही'शिवाय हाक मारलेली नव्हती. हात निघाला. अल्टरनेटर खांबावर आपटला, टण्ण असा आवाज झाला, हिरवा रंग उडाला आणि खांबावर नखाएवढा पोचा पडला. तो अजून आहे. त्या जागी माझ्या डाव्या हाताची चार बोटं असती.

कुणी काही बोललं नाही. झोके थांबेपर्यंत थांबलो. अण्णांनी झाडू घेतला आणि क्रेनपासून स्टँडपर्यंतची सगळी फरशी झाडली, अगदी घरातल्यासारखी, कडेने मध्ये. मग म्हणाले, "आरिया. गुडघ्याच्या खाली."

जॅकचा भार सोडायचा व्हॉल्व्ह मी जरा जास्तच फिरवला. इंजिन एकदम वीतभर खाली येऊन झटक्यात थांबलं, साखळ्या कर्रर्र वाजल्या. झटक्याने साखळीवर येणारा भार त्या दीडशे किलोंपेक्षा कितीतरी मोठा असतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. कानाने पहिल्यांदा ऐकलं. नंतर व्हॉल्व्हला पाव आटाही फिरवला नाही, नुसता श्वास सोडल्यासारखा ढिला केला. बूमही एक भोक आत घेतला, त्यासाठी आधी इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून. जमिनीपासून चार बोटांवर लटकवून स्टँडपर्यंत नेलं. इंजिन उंच लटकलं की क्रेन कलंडायची भीती मोठी, आणि पडलं तर पडायला जागाही मोठी. चार बोटांवरून पडून पडून काय पडणार.

स्टँडला लावायच्या आधी फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक, काढावं लागतं. स्टँडचे चार हात जिथे बसतात, गिअरबॉक्स जोडतात त्या तोंडावर, तिथेच क्लच आणि फ्लायव्हील आड येतात. हे मला आठवलं ते स्टँडचे बोल्ट हातात घेतल्यावर. फ्लायव्हीलचे सहा बोल्ट इतके जाम की संध्याकाळ झाली. आतून जेवायची हाक आली. मी हात पुसायला निघालो, अण्णा मात्र इंजिनाखाली ठोकळे सारत बसले. "आता जेवून येऊ तासाभरात, कशाला," मी म्हणालो. जेवून परत आलो तेव्हा साखळ्या सैल लोंबत होत्या. जॅकच्या सीलमधून तेल हळूहळू परतलं होतं आणि बूम चार बोटं खाली बसला होता. इंजिन ठोकळ्यांवर आरामात. अण्णांनी काही बोलायची गरज नव्हती आणि ते बोललेही नाहीत, फक्त सुपारी कातरत माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या शनिवारी जुनं इंजिन काढलं. ते गिअरबॉक्ससकट एकत्रच काढतात. आधी तेल, कूलंट, रेडिएटर, बॉनेट काढून घ्यायचं. मियाटात गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट जाते, ती सोडवली की गिअरबॉक्सची शेपूट लगेच खाली झुकते, म्हणून आधी तिच्याखाली जॅक. लेव्हलरचं खरं काम इथे. त्याचा दांडा फिरवला की उचलायचा बिंदू पुढे-मागे सरकतो आणि इंजिन नाक वर, शेपूट खाली असं तिरपं होतं. त्या तिरप्या अवस्थेतच ते बॉनेटच्या जागेतून बाहेर येतं, जशी अरुंद जिन्यातून गोदरेजची कपाटं उतरवतात तशी. एक ग्राउंडची वायर सोडायची राहिली होती. इंजिन वर येता येता गाडीचं नाकही वर यायला लागलं, तेव्हा कळलं. क्रेन जोर लावतच राहते, काय अडकलंय हे ती सांगत नाही. दर दोन इंचांनी थांबून चहूबाजूंनी हात फिरवायचा हे तेव्हापासून सुरू केलं. या वेळी फरशी मी आधीच झाडून ठेवली होती.

नोव्हेंबरात अण्णा भारतात परत गेले. नवीन इंजिन बसवलं ते थंडीत, आजोबांच्या मदतीने, आणि ते काम लिहिण्यासारखं काही नाही. काढलं तसंच उलट क्रमाने, बारा अंश फॅरनहाइटमध्ये बोटं बधिर करून. विमानतळावर अण्णा पुन्हा 'जावईबापू, सांभाळून' असंच म्हणाले. पण फोनवर आता कधीकधी 'तू' येतं आणि बायको चमकून माझ्याकडे बघते.

जुनं इंजिन सगळा हिवाळा त्याच टायरमध्ये गॅरेजच्या कोपऱ्यात होतं. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक लागलं, कुणाला तरी हेडपुरतं हवं होतं. विशीतला पोरगा, बरोबर दोन मित्र, आणि आणली होती छोटी हॅचबॅक. मागची सीट पाडलेली, आत एक चादर अंथरलेली. तिघांनी हातमोजे चढवले, एकाने खाली वाकून बुडाखाली बोटं सारायला सुरुवातही केली.

"हात काढ," मी म्हणालो. "आधी झाडू मारू देत. मग क्रेन आणतो."